खिशातील दप्तराची रुजवात

एकाच व्यवहाराच्या दोन वह्या दोन ठिकाणी लिहिल्या जात असतील, तर त्यांची वेळोवेळी रुजवात घालावी लागते, आणि ती घालताना कोणती नोंद आधीची, कोणती नंतरची, कोणती बुद्ध्या खोडलेली आणि कोणती नुसतीच राहून गेलेली, याचा निवाडा करणारा एखादा जाणता कारकून मध्ये असावा लागतो, हे पेढीवर चार दिवस बसलेल्या मनुष्याला निराळे सांगावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पत्ते, भेटीगाठी, कामांच्या याद्या आणि किरकोळ टाचणे ठेवण्यासाठी खिशात मावणारी जी छोटी संगणकयंत्रे निघाली, त्यांच्या कर्त्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. कारण मालकाची एक वही आता त्याच्या खिशात होती आणि दुसरी मेजावरील संगणकात. कर्त्यांनी तो प्रश्न सोडवला, आणि मोठ्या कौशल्याने सोडवला. परंतु त्यांनी नेमलेल्या कारकुनाला विंडोज आणि मॅकिंटॉश या दोनच घरांचा रस्ता ठाऊक होता. ज्याच्या मेजावर लिनक्स चालत असे, त्याने यंत्राची पूर्ण किंमत मोजूनही त्याला कारकून मिळत नसे. तो त्याने स्वतः कसा घडवला, आणि घडवताना कोणकोणत्या अडचणी निस्तरल्या, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या यंत्रांमध्ये सर्वांत लोकप्रिय ठरले ते पाम पायलट. जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत पाम कॉम्प्युटिंग ही कंपनी स्थापन केली; तिने ज्याची आज्ञावली लिहिली होती ते 'झूमर' नावाचे पहिले यंत्र १९९३ मध्ये बाजारात आले आणि सपशेल पडले. त्यानंतर नवे यंत्र केवढे असावे हे ठरवण्यासाठी हॉकिन्स यांनी शर्टाच्या खिशात मावेल एवढा एक लाकडी ठोकळा तयार केला आणि तो बरोबर बाळगून, कोणी भेटीची वेळ विचारली की तो बाहेर काढून त्यावर काडीने टिपून घेतल्याचा ते अभिनय करीत. ही हकीकत गमतीची म्हणून वारंवार सांगितली जाते खरी, पण तिच्यातील विवेक माझ्या मते फार मोलाचा आहे, कारण यंत्रात काय असावे यापेक्षा काय नसावे हे त्या ठोकळ्याने ठरवले. १९९६ मध्ये 'पायलट १०००' आणि 'पायलट ५०००' ही दोन यंत्रे आली, तेव्हा पहिल्यात १२८ आणि दुसऱ्यात ५१२ किलोबाइट इतकीच स्मृती होती, पडदा आडवा-उभा १६० ठिपक्यांचा होता, आणि सारा कारभार दोन बारीक सेलांवर चालत असे. पुढे पायलट हे नाव एका लेखणी बनवणाऱ्या कंपनीशी उद्भवलेल्या तंट्यामुळे सोडून द्यावे लागले आणि १९९८ च्या यंत्राला नुसते 'पाम ३' म्हटले गेले. तथापि लिनक्सच्या जगात ते जुने नाव शेवटपर्यंत टिकले.

यंत्राबरोबर एक छोटी बैठक मिळे, तिला क्रेडल म्हणत. तिच्यावर एकच बटण असे. यंत्र बैठकीत ठेवावे, बटण दाबावे, आणि दोन्ही वह्या जुळून याव्यात, या क्रियेला कंपनीने हॉटसिंक असे नाव दिले होते. ही केवळ सोय नव्हती. पामची सारी माहिती अशा स्मृतीत राहत असे की जिला सतत विजेचा पुरवठा हवा. सेल बदलण्यापुरता अल्प अवधी ती तग धरी, परंतु सेल पूर्ण उतरून यंत्र आठवडाभर टेबलाच्या खणात पडले, तर मालकाचे सगळे पत्ते आणि सगळ्या तारखा एकदम नाहीशा होत. विजेवाचून टिकणारी स्मृती पामच्या यंत्रांत आली ती २००४ च्या सुमारास. तोपर्यंत संगणकावरील प्रत हीच खरी सनद होती आणि खिशातील यंत्र ही तिची चालती नक्कल. म्हणून ज्याला सिंक करता येत नाही, त्याने पाम वापरणे म्हणजे तारण न घेता उसने देण्यासारखे होते.

आता लिनक्सवाल्याची कैफियत ऐकावी. कंपनीने इतर आज्ञावलीकारांना 'कंड्युइट' लिहिण्याची साधने दिली होती, म्हणजे पत्त्यांसाठी एक, दिनदर्शिकेसाठी एक, असे रुजवात घालणारे स्वतंत्र मुनीम ज्याने त्याने घडवावेत अशी मुभा होती. पण ते सर्व मुनीम तिच्याच हॉटसिंक व्यवस्थापकाच्या हाताखाली चालायचे, आणि तो व्यवस्थापक लिनक्सवर नव्हता. तेव्हा तारेवरून दोन्ही यंत्रे एकमेकांशी जे बोलतात ते ऐकून त्यांची भाषा शिकणे एवढाच मार्ग उरला, आणि १९९६ मध्येच, म्हणजे यंत्र बाजारात आले त्याच वर्षी, केनेथ अल्बानोव्स्की, जेफ डिऑन आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणांनी तो धरला. त्यांच्या परिश्रमातून निघालेला संच पायलट-लिंक या नावाने प्रसिद्ध झाला. याच दोघांनी १९९८ मध्ये लिनक्सची एक हलकी आवृत्ती प्रत्यक्ष पामच्याच आत चालवून दाखवली, हे जाता जाता सांगून ठेवतो. ज्यांना दार बंद म्हणून सांगितले होते ते घरात शिरून बिऱ्हाड करून बसले, याचा आनंद त्या काळी अनेकांना झाला असेल.

ती भाषा अनेक थरांची होती. सर्वांत खालच्या थरावर प्रत्येक पुडक्याच्या आरंभी तीन ठरावीक बाइट येत, ते सोळांच्या पटीतील लेखनात 'बीई, ईएफ, ईडी' असे दिसत. तारेवरील खळखळीत हे तीन दिसले की येथून पुडके सुरू झाले असे समजावे. त्यावरच्या थराचे काम पोच देण्याचे, म्हणजे पुडके मिळाल्याची पावती पाठवणे आणि पावती न आल्यास पुडके पुन्हा रवाना करणे. सर्वांत वरच्या थरावर खरा कारभार चाले: मालक कोण, घड्याळ काय दाखवते, अमुक नावाची वही उघड, पुढील बदललेली नोंद वाच, ही नोंद लिही, वही मीट, काम संपले. बोलण्यांची सुरुवातही मोठ्या शिष्टाचाराची असे. पाम प्रथम सेकंदाला ९,६०० बिट या संथ वेगाने हाक मारी, संगणक तिला उत्तर देताना आपल्याला कोणता वेग झेपेल ते कळवी, आणि मग दोघेही एकदम ५७,६०० किंवा १,१५,२०० वर जात. हा वेग वाढवण्याचा करार फसला तर काय होई, ते हिशेबाने पाहता येते: ९,६०० च्या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० बाइट जातात, म्हणजे ५१२ किलोबाइटची पूर्ण नक्कल उतरायला नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि तेवढा वेळ सेल जळत राहत.

भाषा अवगत झाली तरी यंत्र जोडून देणे हे प्रत्येकाचे घरचे काम होते, आणि बहुतेकांची गाडी अडे ती येथे. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत एका फायलीच्या रूपाने दिसते. ज्याला विंडोजवाले कॉम-१ म्हणत, ते सिरियल पोर्ट येथे 'टीटीवायएस०' होते आणि कॉम-२ हे 'टीटीवायएस१'. दोन्ही मोजण्यांत एकाचा फरक असल्यामुळे चुकीच्या पोर्टकडे कान लावून बसण्याचा प्रसंग नवख्यावर हटकून येई. वहिवाट अशी पडली होती की खऱ्या पोर्टला 'पायलट' नावाचा एक दुवा जोडून द्यावा, म्हणजे सर्व आज्ञावल्यांना 'डेव्ह' डिरेक्टरीतील 'पायलट' एवढाच पत्ता सांगितला की भागे. परंतु दुवा केला म्हणजे अधिकार मिळाला असे नव्हे. सिरियल पोर्टचा ताबा मूळ प्रशासकाकडे, म्हणजे 'रूट'कडे असे, आणि सामान्य वापरकर्त्याने बटण दाबले की 'परवानगी नाकारली' असे रोकडे उत्तर येई. येथे पुष्कळ लोक एक आडमार्ग धरीत: सिंक करण्यापुरते स्वतः रूट होत. त्याने काम होई, पण उतरलेल्या सगळ्या फायलींची मालकी रूटच्या नावे लागे, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच दिनदर्शिकेत खाडाखोड करण्याची मुभा मालकाला उरत नसे. डेबियन आणि तिच्या वंशातील आवृत्त्यांवर 'डायलआउट' आणि इतर कित्येकांवर 'यूयूसीपी' नावाचा जो वापरकर्त्यांचा गट असतो, त्यात आपले नाव दाखल करून घेणे, बाहेर पडणे आणि पुन्हा आत येणे, एवढाच सरळ उपाय होता. आणि त्यातील बाहेर पडून पुन्हा आत येण्याचा भागच लोक विसरत.

१९९९ मध्ये हँडस्प्रिंग कंपनीचे 'व्हायझर' आले. ही कंपनी हॉकिन्स यांनीच पाम सोडल्यावर काढली होती, आणि तिच्या यंत्राची बैठक सिरियलऐवजी यूएसबीला जोडता येत असे. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी त्याचा ड्रायव्हर लिहिला, त्याचे नावही 'व्हायझर' असेच पडले, आणि पुढे पामची व पामच्याच प्रणालीवर चालणारी सोनीची यंत्रेही त्याच्याच छत्राखाली आली. तार बदलली आणि त्याबरोबर क्रमही उलटा झाला, ही बाब मात्र फार थोड्या जणांना वेळेवर उमगली. सिरियल पोर्ट संगणकात कायमचे हजर असते. म्हणून तेथे आधी आज्ञावली सुरू करावी, तिने 'आता हॉटसिंकचे बटण दाबा' असे सांगावे, आणि मग बटण दाबावे. यूएसबीवर पाम बैठकीत नुसते ठेवले असता संगणकाच्या लेखी ते अस्तित्वातच नसते. बटण दाबल्याक्षणी ते यूएसबीवर प्रकट होते, तेव्हा ड्रायव्हर जागा होतो, 'डेव्ह'मध्ये 'टीटीवाययूएसबी०' आणि 'टीटीवाययूएसबी१' अशा दोन फायली तयार होतात, आणि काम संपले किंवा पाम कंटाळले की त्या पुन्हा नाहीशा होतात. म्हणून येथे बटण आधी आणि आज्ञावली नंतर. तीही विनाविलंब, कारण पाम काही काळ वाट पाहून संबंध तोडून टाकते. त्या दोन फायलींपैकी हॉटसिंकसाठी बहुधा दुसरी लागे, सोनीच्या काही यंत्रांना पहिली लागे, आणि कोणती ते गाभ्याच्या नोंदवहीत ड्रायव्हरने स्वच्छ लिहून ठेवलेले असे; ती उघडून वाचण्याचा आळस हे निम्म्या तक्रारींचे मूळ होते, असे माझे मत आहे. पुढे यूडेव्ह नावाची व्यवस्था आली, तेव्हा एक नियम लिहून ठेवला की यंत्र प्रकट होताच 'पायलट' हा दुवा आपोआप जोडला जाई आणि परवानगीही त्याच हुकुमाने मिळे. पायलट-लिंकच्या नंतरच्या आवृत्तीने तर या फायलींना बाजूला सारून यूएसबीशी थेट बोलण्याची सोय केली. मात्र त्या वेळी जुना ड्रायव्हर गाभ्यात बसलेला असला तर दोघेही त्याच यंत्रावर हक्क सांगत. म्हणून एकाला काढल्यावाचून दुसऱ्याला आणू नये.

हक्काच्या भांडणाचा आणखी एक प्रकार होता. के-डी-ई मेजपटाबरोबर केपायलट येई आणि ग्नोमबरोबर ग्नोम-पायलट. दोघेही पार्श्वभूमीवर पहारा ठेवून पोर्ट धरून बसणारे. अशा स्थितीत मालकाने तिसरीच आज्ञावली चालवली की तिला पोर्ट व्यग्र असल्याचा निरोप मिळे आणि सगळा दोष तारेवर जाई.

हे सर्व जुळले, पडद्यावर नावे सरकू लागली, म्हणजे कार्यभाग संपला असे वाटते. खरे तर रुजवातीला येथून आरंभ होतो. पामच्या प्रत्येक वहीत प्रत्येक नोंदीला तीन बाइटांचा एक अनन्य क्रमांक असतो आणि तिच्या माथ्यावर एका बाइटाचा शेरा असतो. त्या बाइटाच्या अर्ध्या भागात नोंदीचा वर्ग लिहिलेला असतो, आणि चार बिटांत सोळाच आकडे मावत असल्यामुळे पामवर सोळाच वर्ग करता येत. उरलेल्या अर्ध्यात ही नोंद खोडलेली आहे, ही बदललेली आहे, ही वापरात आहे, ही खाजगी आहे, अशा चार खुणा असतात. मालकाने पामवर एखादा पत्ता खोडला, तरी तो तत्काळ जात नाही. 'खोडलेला' अशी खूण लेवून तो पुढील सिंकपर्यंत तिष्ठत राहतो, कारण संगणकाला त्याची वार्ता पोचल्याखेरीज तो गेला तर संगणक आपल्याकडील प्रतीवरून त्याला पुन्हा परत पाठवील. सिंकच्या वेळी बदललेल्या नोंदी तेवढ्या मागवायच्या, संगणकावरील बदल तेवढे पाठवायचे, आणि शेवटी साऱ्या खुणा पुसून टाकायच्या. दोन्हीकडे तीच नोंद बदलली असेल, तर पामच्या रीतीप्रमाणे कोणाचीही बाजू न घेता दोन्ही प्रती ठेवल्या जात आणि निवाडा मालकावर सोपवला जाई. एकीकडे खोडली आणि दुसरीकडे बदलली असेल, तर बदललेली वाचे. हे नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. शंका असल्यास पुसू नये, हा कोणत्याही दफ्तरखान्याचा पहिला जाबता असावयास हवा.

परंतु या खुणा एकाच संगणकापुरत्या खऱ्या. घरी एक आणि कचेरीत एक अशा दोन संगणकांशी जो सिंक करी, त्याच्या घरच्या संगणकाने खुणा पुसल्या की कचेरीतल्याला काय बदलले ते कळण्याचा उपाय उरत नसे. म्हणून पाम आपल्या मालकाच्या नावाबरोबर मागील सिंक कोणत्या संगणकाशी झाले त्याचा क्रमांकही जपून ठेवते. तो आपला नसल्याचे दिसले की संगणकाने खुणांवर विसंबू नये आणि संपूर्ण वही मागवून आपल्या मागील प्रतीशी ओळीने ताडून पाहावी, अशी रीत आहे. यात वेळ जातो, पण नोंद जात नाही. आरंभीच्या काही घरगुती आज्ञावल्या ही तपासणी टाळून नुसती एका बाजूची वही दुसरीवर ओतत. त्यांना सिंक म्हणणे धाडसाचे होते.

याखेरीज अंकांच्या लेखनाचा भेद होता. पामचा मोटोरोला प्रोसेसर मोठा अंश आधी लिही, आणि इंटेलचा संगणक लहान अंश आधी. दोन बाइटांत लिहिलेला एक हा आकडा न उलटता वाचला तर तो २५६ होतो. पाम वेळेची गणना १ जानेवारी १९०४ पासून करते, लिनक्स १ जानेवारी १९७० पासून, आणि या दोहोंत २,०८,२८,४४,८०० सेकंदांचे अंतर आहे. भेटीच्या तारखेत वर्षासाठी सातच बिट राखले होते, त्यामुळे १९०४ मध्ये १२७ मिळवून पामची दिनदर्शिका २०३१ अखेर संपते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे जुन्या पामला कालविभाग ही कल्पनाच नव्हती. भिंतीवरच्या घड्याळातील वेळ हीच त्याची वेळ. लिनक्स आतून जागतिक वेळ पाळतो. पुण्यात सकाळी दहाची भेट पामवर लिहिली आणि ती दुसऱ्या दिनदर्शिकेत नेताना आज्ञावलीने जागतिक वेळ म्हणून तिची नोंद केली, तर ती दुपारी साडेतीनला दिसू लागे.

नित्याच्या वापरासाठी मात्र जड माँटगोमेरी यांची जे-पायलट हीच आज्ञावली मी सर्वांत भरवशाची मानतो. तिचे रूप पामच्या मूळ मेज-आज्ञावलीसारखे होते, तिच्यात डामडौल नव्हता, आणि पडद्याआड ती पायलट-लिंकवरच चालत असे. ज्याला चित्रे आणि बटणेही नकोत त्या मनुष्याला पायलट-लिंकमधील पायलट-एक्सफर पुरे होई: एक आज्ञा दिली की पामवरील सर्व वह्या नेमलेल्या डिरेक्टरीत उतरत, दुसरी दिली की परत चढत. मराठी लिहिणाऱ्याची एक अडचण यातील कोणीही दूर करू शकत नसे, कारण ती तारेच्या अलीकडची नव्हतीच. पामची मूळ अक्षरमाला पाश्चात्य युरोपीय लिपीपुरती असल्याने आपल्या माणसांची नावे रोमन अक्षरांतच लिहावी लागत, आणि संगणकावर देवनागरी उत्तम उमटत असूनही पुढच्या सिंकला ती पामवर गेली की तिचा चुराडा होई.

२००७ चे 'सेंट्रो' हे पाम ओएस या मूळ प्रणालीवरील पाम कंपनीचे शेवटचे यंत्र ठरले, २००९ मध्ये कंपनीने नवी वेबओएस प्रणाली धरली आणि २०१० मध्ये ती कंपनीच एचपीने विकत घेतली. ज्यांनी त्या काळी लिनक्सवर पाम चालवला आणि ज्यांच्या माळ्यावर अजून तो जुना संगणक आहे, त्यांना एक विनंती करून थांबतो. २००४ पूर्वीच्या पाममध्ये आता नवे सेल घालून काही हाती लागणार नाही, त्यातली स्मृती केव्हाच रिकामी झालेली आहे. पण संगणकाच्या हार्डडिस्कवर, तुमच्या घरच्या डिरेक्टरीत, टिंबाने सुरू होणारी म्हणून सहसा न दिसणारी 'जेपायलट' नावाची एक डिरेक्टरी असेल, आणि तिच्यात 'अ‍ॅड्रेसडीबी', 'डेटबुकडीबी', 'मेमोडीबी' आणि 'टूडूडीबी' अशा चार वह्या 'पीडीबी' या शेपटासह पडलेल्या असतील. हार्डडिस्क बंद पडण्यापूर्वी प्रथम त्यांची नक्कल काढा, नंतर जे-पायलटमधूनच त्यांचा साध्या मजकुरात उतारा करून घ्या, आणि तो उतारा दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा.